गेलेले आटे पुन्हा बसवताना
(तंत्रशाखेच्या विद्यार्थ्यांपुढील भाषण)



कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आता बनत नाही. तिच्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे. पोलादी बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळला की त्या मऊ धातूतील आटे निघून येतात. मग कोणी जाडा बोल्ट ठोकून बसवतो. तसे करू नका. हेड तडकले तर नवे सहजासहजी मिळत नाही आणि गाडी भंगारात जाते.

यावर खरा उपाय हेलिकॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा. ८ मि.मी. बोल्ट व १.२५ मि.मी. अंतराचे आटे असतील, तर भोक ८.३ मि.मी. ड्रिलने अगदी काटकोनात वाढवावे. ड्रिलला ग्रीस लावावे, कीस त्यालाच चिकटतो. नंतर हेलिकॉइलच्या खास टॅपने आटे पाडून भोक स्वच्छ करावे. स्टेनलेस स्टीलचे वेटोळे पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली उतरवून त्याची शेपटी तोडून बाहेर काढावी. बोल्ट मूळ मापाचाच राहतो. आटे मात्र पूर्वीपेक्षा टिकाऊ होतात.

मित्रहो, या कामाला पैसा थोडा आणि धीर फार लागतो. ड्रिल तिरपे गेले की माघार नाही. म्हणून आधी माप, मग हात.