शहर कोणाला म्हणायचं?

पणजी हे शहर आहे, यावर कोणाचं दुमत असेल? गोव्याची राजधानीच ती! पण २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या होती सुमारे ४० हजार. आता २००४ साली सुरू झालेला, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून भरलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा घ्या. त्याचा ढोबळ दंडक असा: लाखाच्या वर मोठं शहर, १० हजारांपासून लाखापर्यंत छोटं शहर, त्याखाली खेडं. नुसता आकडा धरला तर पणजी खाली घसरते, इचलकरंजी वर जाऊन बसते.

यात बिघडलं काय? नकाशा दुरून पाहिला की वरच्या वर्गातलीच नावं उरतात, बाकीची गळतात. म्हणून मी या नकाशात भर घालताना आधी विचारतो, आसपासची माणसं इथे कशासाठी येतात? कचेरी, इस्पितळ, कॉलेज, बाजार? अलिबागची वस्ती २०११ मध्ये जेमतेम २० हजार, पण रायगड जिल्ह्याच्या कामासाठी खेटे तिथेच घालावे लागतात. ते मी एका आकड्यावर कसं सोडू?

आणि आपली वाडी, पाडा, तांडा? या सगळ्यांना तिथे खण एकच, 'हॅम्लेट'. नाव मात्र मी तिथल्या माणसाला विचारूनच लिहितो.