कापूस, गोटा आणि मोबाईल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या वेळच्या प्रयोगवह्या आठवतात का? साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षण आपण आधीच लिहून टाकायचो, प्रयोग नंतर व्हायचा, झालाच तर! मी पुढे याच जिल्ह्यात विज्ञान शिक्षक झालो आणि खरं सांगतो, कितीतरी वर्षं मीही तसंच शिकवलं. व्याख्या फळ्यावर, फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत.

लॉकडाऊननंतर बहुतेक घरांत एक तरी मोबाईल आला होता. दहावीला गुरुत्वाकर्षणाचा धडा असतो. मी मुलांना सांगितलं, मुक्तपतनावर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून आणा. चार गोष्टी सांगायच्या : आधी काय वाटलं, काय केलं, काय दिसलं आणि तसं का झालं.

बहुतेक व्हिडिओ नीटनेटके होते. मुलं भिंतीला पाठ लावून पुस्तकातली वाक्यं म्हणत होती. एका मुलीचा मात्र वेगळा होता. अंगणात कोंबड्या, मागे पऱ्हाटीचा ढीग आणि ती म्हणत होती, "मले वाटे का जड गोटा आंधी पडते." तिने एका हातात गोटा, दुसऱ्या हातात चिंचोका घेतला आणि सोडला. "पाहा ना जी, दोन्ही संगच पडले! मंग कापूस काऊन हळू पडते?"

मी काय केलं? तिला बोलावून म्हटलं, "चांगलं आहे, पण शुद्ध भाषेत पुन्हा कर. आणि ते सुरुवातीचं चुकीचं वाक्य काढून टाक."

दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ आला. वाक्यं बिनचूक, आवाज मेलेला. कापसाचा प्रश्नही गायब. जाताना तिने हळूच विचारलं, "सर, माह्यावालं बोलणं खराब आहे का जी?"

मित्रांनो, त्या रात्री मला आपला आठवीचा वर्ग आठवला. मी खेड्यातून नुकताच आलो होतो. उत्तर द्यायला उठलो, "मले" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. हसणाऱ्यांपैकी काहीजण आज समोर बसले आहेत. काल त्यांनीच मला आग्रहाने दोन पोळ्या जास्त वाढल्या, त्यामुळे तक्रार मिटली! पण जे मला झोंबलं होतं, तेच मी त्या पोरीला केलं होतं.

सकाळी मी तिचा पहिला व्हिडिओ वर्गात लावला. लगेच भांडण सुरू. "तिने हात मागंपुढं सोडले!" मग आम्ही तो थांबवत थांबवत पाहिला. सव्वा मीटरवरून वस्तू पडायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, डोळ्याला काय कळणार? मोबाईल मात्र सेकंदाला साधारण ३० चित्रं टिपतो. म्हणजे त्या पडण्याची १५ चित्रं. एकेक चित्र पुढे सरकवलं. गोटा आणि चिंचोका बरोबरीने खाली येत होते. गोट्याला पृथ्वी जास्त जोराने ओढते, पण त्याला हलवायलाही तितकंच जास्त बळ लागतं. हिशेब बरोबर सुटतो.

आणि कापूस? ते तिनेच सोडवलं. वेचलेल्या कापसाचे सारख्या वजनाचे दोन पुंजके घेतले. एक मोकळा ठेवला, दुसरा घट्ट वळून गोळी केली. गोळी आधी पडली. वजन तेच, मग अडवलं कोणी? हवेने! त्यानंतर मी १९७१ सालचं अपोलो १५ मोहिमेचं चित्रण दाखवलं. चंद्रावर हवा नाही. अंतराळवीर डेव्हिड स्कॉट हातोडा आणि पीस एकदम सोडतो, दोन्ही एकदम टेकतात. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या हातोड्यापेक्षा कापसालाच जास्त होत्या.

पुढे वाचनात आलं की डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात याच विषयावर संशोधन केलं होतं. २००८ साली त्यांना त्यावर पीएच.डी. मिळाली. फक्त बरोबर माहिती सांगणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपे वाटले, पण त्यांतून ते फारसं शिकले नाहीत. ज्यांत चुकीची समजूत आधी मांडून मग तपासली होती, ते गोंधळाचे वाटले, पण शिकणं त्यांतून जास्त झालं. मी जे वाक्य काढायला लावलं होतं, तेच तर त्या व्हिडिओचं मर्म होतं.

आता माझा नियम एकच आहे : "मले वाटे" हे वाक्य कापायचं नाही. व्हिडिओ हलला तरी चालेल, कोंबडी मध्ये आली तरी चालेल.

या स्मरणिकेत आपण सगळे आपापलं यश लिहिणार आहोत, लिहावंच. पण घरी गेल्यावर एखादं पोरगं गच्चीवरून काहीबाही खाली टाकत मोबाईल रोखून बसलेलं दिसलं, तर खाली कोणी उभं नाही ना एवढं पाहा आणि रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुले काय वाटे?"