आईचा गुडघा आणि दहा दिवसांचा प्रश्न

आजचा भाग जरा घरचाच आहे. आईचा गुडघा बदलला. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी विचारणा झाली, "रिहॅबसाठी अजून दहा दिवस इथेच ठेवायचं का?" आई म्हणाली, "मला घरी ने रे." मला मात्र धाकधूक. पैसे वाचवायच्या नादात आपण तिचं नुकसान तर करत नाही ना?

रात्रभर शोधाशोध केली. नेमक्या याच प्रश्नावर सिडनीत चाचणी झालीय, २०१७ साली 'जामा' या नियतकालिकात आलेली. गुडघा बदललेले १६५ जण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिलेले. निम्मे १० दिवस रुग्णालयात राहून मग घरच्या व्यायामाला लागले, बाकीचे थेट घरी. २६ आठवड्यांनी मोजलं, सहा मिनिटांत कोण किती चालतं. दोन्हीकडे सरासरी साधारण ४०० मीटर!

पण थांबा. घरी म्हणजे 'बघू, जमेल तसं' नव्हे. त्या लोकांवर आठ आठवडे तज्ज्ञांचं लक्ष होतं. आणि ऑपरेशननंतर गुंतागुंत झालेले त्यात नव्हतेच. म्हणून आधी सर्जनना विचारलं, फिजिओथेरपिस्ट ठरवली, मगच आईला आणलं.

ती कळवळायची, मी आकडे मोजायचो. एकदा दोन जास्त मोजले, तर आठवडाभर बोलणी खाल्ली!

तुमच्याकडेही हा प्रश्न आला, तर खर्चाबरोबर हेही विचारा: घरी व्यायाम कोण बघणार? आणि पोटरी सुजली किंवा दम लागला, तर वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

भेटू पुढच्या भागात!