क्रीडापटूंचे उपचार आणि अखंड अध्ययन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलेमुली कबड्डी, क्रिकेट, धावण्याच्या शर्यती यांत हिरिरीने भाग घेऊ लागली आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु खेळ आला की दुखापत आलीच; आणि दुखावलेले मूल कोणाच्या हाती सोपवावे, हा प्रश्न प्रत्येक मातापित्यांसमोर उभा राहतो. त्या दृष्टीने अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक या व्यवसायाचे उदाहरण बोधप्रद आहे.

मणके व सांधे यांवर हातांनी उपचार करण्याची ही पद्धती डॅनिएल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट येथे सुरू केली. बहुतेक रोगांचे मूळ मणके सरकण्यात आहे, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनात ते टिकले नाही. तथापि कंबरदुखीवर या उपचाराचा काही उपयोग होतो, असे आढळले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ साली कंबरदुखीत औषधांपूर्वी योजावयाच्या उपायांत शेक व मालिश यांच्या जोडीला हस्तोपचारही गणले. मूळ पुरुषाविषयी आदर बाळगूनही त्याचे न टिकणारे मत बाजूस सारणे, यातच विद्येची वाढ आहे.

तेथे या पदवीसाठी किमान ४२०० तासांचे शिक्षण घ्यावे लागते. एवढ्यानेही भागत नाही. परवाना चालू ठेवावयाचा तर पुढेही अध्ययन करावे लागते. कॅलिफोर्निया राज्यात त्यासाठी वर्षाला २४ तास ठरविलेले आहेत. क्रीडापटूंवर उपचार करू इच्छिणाऱ्यांसाठी निराळे अभ्यासक्रम व परीक्षा आहेत. आपल्याकडेही महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांना अशा अध्ययनाचे बंधन घातले आहेच.

हे बंधन कशासाठी, असे कोणी विचारील. डोक्याच्या माराचेच उदाहरण घ्या. मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूने सर्व लक्षणे जाईपर्यंत पूर्ण विश्रांती घ्यावी, असे पूर्वी शिकवीत. पुढे तो सल्ला बदलला; २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही बदललेलाच सल्ला दिला. आता पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, त्या काळात पडद्यासमोर कमी बसणे, आणि मग हळूहळू चालणे व हलका व्यायाम, असा क्रम सांगितला जातो. मात्र त्याच दिवशी मैदानात उतरू द्यावयाचे नाही, हा नियम कायम आहे. ज्याचे वाचन पदवीबरोबर थांबले, तो आपल्या मुलाला जुनाच सल्ला देईल.

मानेविषयी विशेष सावध असावे. मानेवरील झटक्याच्या उपचारानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याच्या विरळ घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या उपचारामुळेच घडतात, की आधीच फाटलेल्या वाहिनीच्या वेदनेमुळे रुग्ण उपचारास येतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. म्हणून माराच्या पाठोपाठ मान व डोके एकाएकी तीव्र दुखू लागले, चक्कर आली, बोलणे अडखळू लागले, तर कोणालाही मान वळवू देऊ नये. थेट रुग्णालय गाठावे.

आपण उपचारकाला तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: आपली नोंदणी कोठे आहे? अलीकडे या विषयाचे कोणते शिक्षण घेतले? आणि कोणत्या प्रसंगी आपण रुग्णाला दुसऱ्याकडे पाठविता? जाणता मनुष्य या प्रश्नांनी रागावणार नाही.

शेवटी एक सूचना. मंडळाने दरवर्षी क्रीडास्पर्धांपूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांचा वा फिजिओथेरपिस्टांचा एक वर्ग पालकांसाठी व मुलांसाठी भरवावा. ढालींवर जो खर्च होतो, त्याच्या अल्पांशात हे कार्य होईल. कार्यकारी समिती याचा विचार करील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.