मागच्या खोलीपर्यंत वायफाय
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस उभा राहिला म्हणजे ठेवी आणि व्याजदर यांवर बोलणार, असे तुम्हाला वाटले असेल. पण वर्षभरात मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. "काकाजी, समोरच्या खोलीत नेट चांगलं चालते, मागच्या खोलीत नुसतं गोल फिरते. काहून?"

प्रश्न किरकोळ नाही. आपल्या सोसायटीत आता बहुतेक घरी दोनच माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, नागपूरला, काही परदेशात. म्हातारी माणसे निजतात मागच्या खोलीत, कारण तिथे शांतता असते. आणि राउटर बसला आहे समोरच्या दाराशी, कारण वायरवाल्याला पहिले भोक तिथेच सापडले! मागच्या खोलीत मोबाईलची रेंजही धड नसते. अशा वेळी वायफायवरून साधा कॉल लागतो. ती सोय २०१९-२० पासून आपल्याकडे आली आहे, फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करावे लागते. पण त्यासाठी आधी वायफाय त्या खोलीत पोचले पाहिजे. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर फोन घेऊन अंगणात यायचे का?

राउटर म्हणजे घरातले छोटे रेडिओ स्टेशन. तो सहसा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार जातात, पण वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण दोन भिंती ओलांडल्या की दम संपतो. सळयांच्या जाळीचा स्लॅब, लोखंडी कपाट, गव्हाची कोठी, मोठा आरसा, हे सगळे अडसर आहेत. आणि आपल्याकडचा खास अडसर म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी लहरी परत फेकते, ओल्या ताट्या आणि टाकीतले पाणी उरलेल्या शोषून घेतात. म्हणून राउटर आणि खोली यांच्या मध्ये कूलर आला की मे महिन्यात तक्रार वाढते. इंटरनेट कंपनीला फोन करून याचा इलाज होत नाही, आणि महागडा प्लॅन घेऊनही होत नाही. प्लॅनचा वेग दारापर्यंतच असतो, पुढचे आपले घर.

आधी फुकटचा उपाय करा. राउटर टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. अर्ध्या घरांचे काम एवढ्यानेच होईल. ज्यांचे होणार नाही त्यांनी दुसरा राउटर लावावा.

बाजारात 'रिपीटर' मिळतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचला की झाले, म्हणून लोक तोच घेतात. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. ज्यांनी आपली पुलगाव-आर्वी नॅरोगेज पाहिली आहे त्यांना लगेच समजेल. एकच रूळ, त्याच रुळावरून गाडी जाणार आणि त्याच रुळावरून येणार. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? घ्यायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा.

खरा उपाय तारेचा आहे. पहिल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल टाका. १०० मीटरपर्यंत ती चालते, आपली घरे त्याच्या पावपटही लांब नाहीत. तिच्या टोकाला दुसरा राउटर. कंपनी बदलली तेव्हाचा जुना राउटर बऱ्याच घरी माळ्यावर पडला असेल, तो चालत असेल तर चालेल. मात्र आधी त्याची सेटिंग बदलावी लागते.

बँकेत पूर्वी पितळी टोकन असायचे ते आठवा. टोकन एकाच खिडकीवरून द्यायचे. दोन खिडक्यांनी तेच आकडे वाटले तर १७ नंबर पुकारल्यावर दोन माणसे उभी राहणार. राउटरही घरातल्या प्रत्येक फोनला असाच एक आकडा देतो, त्या कामाला 'डीएचसीपी' म्हणतात. दुसऱ्या राउटरचे हे काम बंद करायचे. त्याचा स्वतःचा पत्ताही पहिल्यापेक्षा वेगळा हवा. पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा शेवटचा आकडा बदला, आणि तो पहिल्याच्या वाटपाच्या यादीबाहेरचा ठेवा. नंतर केबल दोन्हीकडे 'लॅन' लिहिलेल्या भोकात लावा. दुसऱ्या राउटरचे 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेले भोक रिकामे राहू द्या. नव्या राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असतो. तो निवडला की यातले बरेच आपोआप होते.

दोन्हीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे फिरताना फोन स्वतःच जवळचा राउटर धरतो. २.४ वर मात्र चॅनेल वेगळे हवे. एकाला १ दिले तर दुसऱ्याला ६ किंवा ११.

केबल गच्चीवरून शेजारच्या इमारतीत नेऊ नका. मृगाआधीच्या विजा आपल्याला माहीत आहेत, तांब्याच्या तारेतून झटका आला तर दोन्ही घरची यंत्रे जातील. दोन इमारतींमध्ये फायबरच हवे. दुसरा राउटर टिनाच्या शेडमध्येही नको, तिथे तो उन्हाने शिजतो. आणि वीज जाते तेव्हाच फोनची गरज पडते, म्हणून दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

आता बँकेच्या माणसाला राहवत नाही ते बोलतो. मागच्या भिंतीशी राउटर बसला की त्याची रेंज मागच्या गल्लीतही जाते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी अतिरेक्यांची ई-मेल गेली. तिचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथल्या गृहस्थाचे वायफाय उघडे होते, वापरले भलत्यानेच, आणि चौकशीला सामोरे जावे लागले त्या गृहस्थाला. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे वायफाय तसेच वापरले गेले. तेव्हा माळ्यावरचा जुना राउटर काढाल तर त्याला 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' कुलूप लावा. आत शिरायचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड बदला, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. राउटर फारच जुना असेल आणि हे कुलूप त्यात नसेल, तर त्याला माळ्यावरच राहू द्या.

सगळे झाले की फोन हातात धरून घरभर फिरा. खाटेवर बसून व्हिडिओ कॉल लावा. पेन्शनरांनी नोव्हेंबरची वाट न पाहता घरून चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याचे ॲप आत्ताच फोनवर घेऊन ठेवावे. आणि दुसऱ्या राउटरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या खाली चिकटवा. दिवाळीत मुले येतील तेव्हा ते आधी तेच विचारतील.