रक्त पातळ करणारी औषधे आणि घरची दक्षता
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आज आपल्या कित्येक घरांत एक लहानशी गोळी नित्य घेतली जाते. कोणाच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली असते, कोणाच्या नाडीचे ठोके अनियमित असतात, कोणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असते. रक्त साकळू नये म्हणून ही गोळी द्यावी लागते. तिने प्राण वाचतात. परंतु हिशेब चुकल्यास तीच प्राणांवर बेतते.

या औषधाचा उगम गोठ्यात झाला. इ. स. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात गुरांना एक विचित्र रोग जडू लागला. शिंगे कापल्याची जखम वाहू लागली की थांबत नसे आणि जनावर दगावे. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या वैरणीला बुरशी आली म्हणजे ती खाऊन हा रोग होतो, असे स्कोफील्ड या पशुवैद्याने दाखविले. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न साकळलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि ती वैरण घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आला. लिंक व त्यांचे सहकारी यांनी १९३९ मध्ये वैरणीतील ते द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातील ‘वॉरफरिन’ १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांचे औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. विष आणि औषध यांत अंतर राहिले ते मात्रेचे.

आता या द्रव्याचा स्वभाव पाहू. रक्त साकळण्यास लागणारी काही प्रथिने यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या साह्याने सिद्ध होतात. वॉरफरिन किंवा आपल्याकडे फार वापरले जाणारे असेनोकुमारॉल हे कार्य रोखते. परंतु रक्तात आधीच असलेली प्रथिने संपेपर्यंत बाहेरून काहीच जाणवत नाही. आज चुकून अधिक गोळ्या पोटात गेल्या, तर त्यांचा पुरता परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. “रक्त कोठे आले आहे? काही झालेले नाही,” असे म्हणून घर स्वस्थ बसते, आणि उपचाराची उत्तम वेळ नेमकी तेव्हाच निघून जाते.

हे अपघात होतात तरी कसे? गोळ्या एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या शक्तीच्या असतात. डॉक्टर मात्रा बदलतात आणि जुनी पट्टी डब्यात तशीच राहते. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घरात येते व दोन्ही घेतली जातात. सकाळी गोळी घेतल्याचे विसरून आजोबा ती पुन्हा घेतात. सांधेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल अशी औषधे मनानेच घेतली जातात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पालक, मेथी वर्ज्य करण्याचे कारण नाही. मात्र त्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये, व लांबलेले उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. लहान मूल तर रंगीत गोळीला खाऊच समजते. उंदरांसाठी ठेवलेल्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्याही याच कुळातील असून त्यांचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो.

असे काही घडल्यास लक्षणांची वाट पाहू नये. घरी ओकारी काढण्याचा खटाटोप करू नये. गोळ्यांची पट्टी किंवा विषाचे वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे ‘आय. एन. आर.’ ही रक्ताची तपासणी करतात व एकदा ठीक आली तरी पुढील दिवसांत पुन्हा करावी लागते. ‘के’ जीवनसत्त्व हा यावरील उतारा खरा. परंतु तो घरच्या घरी देऊ नये, कारण अधिक झाल्यास कृत्रिम झडपेवर रक्ताची गाठ होऊ शकते. डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्सॅबान, रिव्हरॉक्सॅबान ही नवी औषधे मात्र काही तासांतच परिणाम करतात व त्यांवर हा उताराही चालत नाही. तेव्हा तेथे विलंब मुळीच नको.

हिरड्यांतून रक्त, लाल लघवी, डांबरासारखे काळे शौच, अंगावर काळेनिळे डाग ही धोक्याची चिन्हे होत. डोक्याला मार लागला तर जखम नसली तरी दाखवावे. मात्र भीतीने गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिच्यावाचून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

भगिनींनो, ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचे खाडे मांडता, तिच्यावरच रोज गोळी दिल्याची खूण करा. घरातील एकाच जबाबदार माणसाकडे हे काम असू द्या. जुन्या पट्ट्या डब्यातून काढून टाका, चालू पट्टी मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा, आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना प्रथम या गोळीचे नाव सांगा. एवढे घरोघर झाले तर आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.