गादीची चेन उघडून पाहा

धानाचे चुकारे हाती आले आणि लग्नसराई लागली, की गोंदियाच्या बाजारात गाद्यांची विचारपूस सुरू होते. आता तिथे ‘लॅटेक्स’ हा शब्दही कानावर पडतो. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळात निघतो. त्याचा फेस करून साच्यात घट्ट करण्याची रीत 1929 मध्ये इंग्लंडात, डनलॉपच्या प्रयोगशाळेत सापडली.

पण नुसत्या नावावर हंगामाची कमाई घालवू नये. मी दुकानात आधी खोळीची चेन उघडायला लावतो. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे! कधी आत साधा फोम निघतो आणि वर जेमतेम इंचभर लॅटेक्स. दुसरी खूण वजनाची. सहा बाय पाच फुटांची, सहा इंच जाडीची पूर्ण लॅटेक्सची गादी साधारण तीस किलोंच्या पुढे भरते; एका हाताने उचलली गेली, तर काय ते समजावे. मग दहा मिनिटे कुशीवर पडून पाहावे. खांदा थोडा रुतावा, कंबर अधांतरी राहू नये.

आणि आपली जुनी सवय! नवतपात पारा 45च्या घरात गेला, की आपण गाद्या गच्चीवर टाकतो. पिंजाऱ्याने भरलेल्या कापसाला ते ऊन मानवते. लॅटेक्स मात्र उन्हाने कडक होऊन भुरभुरतो. त्याला सावलीतला वारा पुरे. पलंगही फटी ठेवलेल्या पट्ट्यांचा हवा. सलग प्लायवूडवर पावसाळ्यात खालून बुरशी धरते.

वॉरंटीचा कागद दुकानातच वाचावा. किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल, ते बहुधा त्यात बारीक अक्षरांत असते.